दहा पावसाळ्यांची केबल

सहदेव धुरीला नावं ठेवायची असतील तर माझ्या दुकानापासून दहा पावलं लांब जाऊन ठेवा. या विक्रोळीत त्याला चार शब्द सुनावायचा हक्क कोणाला असेल तर तो मला आहे. मी सुनावत नाही, मग तुम्ही कोण लागून गेलात? लोक अर्धं सांगतात आणि अर्ध्यावर मान हलवून निघून जातात. म्हणून आज मीच सगळं सांगते.

मी चेतना. कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगखाली माझं दुधाचं दुकान आहे. दूध, दही, पाव, अंडी आणि कोपऱ्यात आइस्क्रीमचा मोठा डीप फ्रीज. मूळची मी वाशीमकडची, लग्न होऊन इथे आले त्याला तीस वर्षं होतील. माझा प्रबुद्ध सहावीत असताना त्याचे वडील गेले. तेव्हापासून शटर उघडायलाही मीच आणि पाडायलाही मीच. दुकानाला खेटून सहदेवचं मोटरसायकलचं गॅरेज. वर पत्रा, खाली तेलाने काळी झालेली जमीन, भिंतीला ओळीने खिळे. त्याचा बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा म्हातारा कणकवलीला परत गेला आणि सहदेव पाना घेऊन इथे बसला. तोंडावर मी त्याला दादा म्हणते, मागे सहदेव. तो मला चेतना म्हणतो आणि डोकं फिरलं की वाशीमवाली.

डोकं त्याचं फिरायचंच. गिऱ्हाइकाने गाडी आणली की आधी गिऱ्हाइकाची खरडपट्टी. "गाडी आहे की म्हैस? नुसती चिखलात लोळवतोस." पण कान असा, की इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगायचा. एकदा दूध न्यायला आला, माझ्या फ्रीजपाशी क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कॉम्प्रेसर जातोय. आठवडा काढील." मी म्हटलं, तुझं थोबाड आधी गंगेत धू. बरोब्बर सातव्या दिवशी फ्रीज बसला आणि दीडशे कुल्फ्यांचं सरबत झालं. तेव्हापासून तो गाडीबद्दल काही म्हणाला की मी वाद घालत नाही.

सगळ्यात नाव होतं त्याच्या केबलचं. आमच्याकडे खाडी जवळ, हवा खारी, त्यात चार महिने पाऊस. लोखंड इथे टिकत नाही. गाडीची मूठ पिळली की रेस वाढते ना, त्या मुठीपासून इंजिनापर्यंत एक तार जाते, नळीतून. ती रेसची केबल. एका पावसाळ्यात ती गंजते आणि आत अडकायला लागते. सहदेवने त्यावर तोड काढली होती. पत्र्याच्या डब्यात घट्ट ग्रीस आणि इंजिनचं तेल एकत्र गरम करायचं. नवी केबल खिळ्याला उभी टांगायची. वरच्या टोकाला माझ्या दुकानातली दुधाची रिकामी पिशवी कोपरा कापून घट्ट बांधायची आणि तिच्यात ते गरम ग्रीस ओतायचं. ते आपलं सावकाश आत उतरत राहायचं. दुसऱ्या दिवशी खालच्या टोकातून बाहेर आलं की केबल तयार. "दहा पावसाळे बघायचं नाय," असं तो छातीला हात लावून सांगायचा आणि ते खरंही असायचं. भांडुप, मुलुंडहून पोरं यायची त्याच्याकडे. पिशव्या मी धुऊन बाजूला ठेवायचे.

त्याची मुलगी रुचिरा आणि माझा प्रबुद्ध एकाच शाळेतले. दोघं या दोन शटरांच्या मध्येच वाढले. ती घाटकोपरला बँकेत लागली, हा पवईला कॉम्प्युटरच्या ऑफिसात. दोघांनाही गाड्यांचं वेड. रविवार उजाडला की माळशेज नाहीतर भंडारदरा. त्यांच्यात मैत्रीच्या पलीकडे काय होतं ते मी कधी विचारलं नाही. आम्ही बौद्ध, ते कोकणातले मराठे. सहदेवनेही विचारलं नाही. आम्ही दोघंही आपापल्या जागी शहाण्यासारखे गप्प होतो.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीत स्पितीचं खूळ निघालं. हिमाचलात, पार तिबेटच्या कडेला. तेही जानेवारीत. मुलुंडचा हर्षद म्हणून त्यांचा दोस्त, तो उन्हाळ्यात दोनदा जाऊन आलेला. गाड्या रेल्वेच्या पार्सलने चंदीगडला पाठवायच्या, तिथून नऊ दिवस, खिंडी चढायच्या-उतरायच्या, रात्री उणे वीसच्या खाली. मी प्रबुद्धला म्हटलं, "बर्फच बघायचाय ना? फ्रीजचं झाकण उघडून उभा राहा दिवसभर." तो हसला. "आई, एकदाच जातोय गं." हे एकदाच मला तेव्हाच आवडलं नव्हतं.

सहदेवला मात्र कोण कौतुक. रुचिराची गाडी त्याने पंधरा दिवस उघडून ठेवली होती. जुनी साडेतीनशे सीसीची, त्याच्याच हाताखाली वाढलेली. नवी केबल आणली, खिळ्याला टांगली आणि एकदा नाही, दोनदा ग्रीस ओतलं. लांब जातेय म्हणून डबल. "माझ्या हातची गाडी आहे," तो म्हणाला, "चेडवाक काय होवचा नाय." त्यांच्या मालवणीत चेडू म्हणजे पोरगी आणि आवस म्हणजे आई, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय. प्रबुद्धची गाडी नवी कोरी, तिची सर्व्हिसिंग त्याने कंपनीतच केली. म्हणाला, "काका, बाहेर खोलली तर वॉरंटी जाईल." सहदेवला ते इतकं लागलं की तीन दिवस तो त्याच्याशी बोलला नाही. "जा, जा. कंपनीवाल्यांची केबल कोरडी. खाडीचा वारा खाईल आणि अडकेल, मग येशील रडत."

गेले तिघं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहदेवच्या फोनवर रुचिराचा आवाज. तो माझ्या काउंटरलाच चहा पीत होता, फोन स्पीकरवर. "बाबा, सकाळी रेस जाम जड जातेय. ऊन लागलं की दुपारी बरी होते. इथे उणे आठ आहे. पुढे नेटवर्क नाही, काळजी करू नका." सहदेव म्हणाला, "नवी आहे गो, बसेल. चालवून चालवून मोकळी होईल." फोन ठेवला आणि चहा तसाच सोडून गेला.

त्या दिवशी त्याने पान्याला हात लावला नाही. मी दोनदा डोकावून बघितलं, तो खिळ्याकडे तोंड करून बसलेला. दुपारी आला तेव्हा हातात तशीच एक केबल, त्याच डब्यातलं ग्रीस भरलेली.

"चेतना, तुझ्या फ्रीजात किती थंड असतं गो?"

"वजा अठरा. का?"

"ही ठेवतो. उद्या काढू."

"माझ्या कुल्फीत तुझं ग्रीस? येडा झालास काय?" मी म्हटलं खरं, पण त्याचा चेहरा बघून झाकण उघडलं. त्याने केबल दुधाच्या पिशवीत गुंडाळून तळाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आत तो दारात हजर. केबल काढली, टेबलावर धरली आणि तार ओढली. दोन्ही हातांनी ओढावी लागली, तेव्हा कुठे बोटभर बाहेर आली. मग त्याने सोडली. ती मागे जायला पाहिजे होती. गेली नाही, आतलं ग्रीस गोठून घट्ट झालेलं. तो बघत राहिला, मीही बघत राहिले. माझ्या दुकानातल्या उबेत किती वेळाने तरी ती कशीबशी आत सरकली.

"इथे दहा पावसाळे," तो म्हणाला. मग म्हणाला, "उतारावर तिने मूठ सोडली तर गाडी हळू व्हायची नाय. पळतच राहील."

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही सांगते, उगाच साव कशाला बनू. माझ्या पोराची गाडी ही नाही. त्याची केबल कोरडी, कंपनीतली. तेवढा श्वास मी सोडला आणि मग सहदेवच्या पाठीवर हात ठेवला. शरम वाटते आता, पण तेव्हा वाटली नव्हती.

मग फोन सुरू झाले. रुचिराचा बंद, प्रबुद्धचा बंद, हर्षदचा बंद. मेसेज एका टिकेवर अडकलेले. वर बर्फ पडत होता, लाइनी गेल्या होत्या. सहदेवने पावाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर काळ्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "गाडी जागेवर उभी कर. केबल काढ, पेट्रोलने धू, कोरडी करून लाव. तोपर्यंत चालवू नको." तो पुठ्ठा त्याने माझ्या फ्रीजवर, डोळ्यांसमोर टांगला आणि माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. "कोणाचाही फोन येऊ दे, पहिलं हे सांग. बाकी सगळं मागून." मी म्हटलं, "मला काय कळत नाही? सांगते."

पाचव्या दिवशी सकाळी तो मुलुंडला हर्षदच्या घरी गेला, ही पोरं कुठे कुठे उतरणार होती त्यांचे नंबर आणायला. अकरा वाजले असतील. माझा फोन वाजला, अनोळखी नंबर.

"आई, मी. ट्रकवाल्याचा फोन आहे, एकच मिनिट."

त्याचा आवाज ऐकला. पुठ्ठा समोर होता. अक्षरं दिसत होती. आणि मी म्हटलं, "जेवलास का?"

"हो गं, राजमा-भात. दोनदा घेतला. बर्फामुळे दोन दिवस इथेच अडकलोय."

"कानटोपी घातलीस ना? खोकला कसाय?"

"आहे गं सगळं नीट. ऐक ना, काकांना सांग, रुचिराचा अंगठा सुजलाय, रेस फार जड झालीय. उद्या सकाळी खिंड आहे, तिला जमणार नाही. तिची गाडी मी घेतो, माझी ती चालवेल. काकांना म्हणावं काळजी करू नका."

"अरे थांब, ती गाडी," मी म्हटलं, आणि लाइन गेली.

फोनमध्ये नंतर बघितलं. सत्तेचाळीस सेकंद. पुठ्ठ्यावरचं वाचायला बारा सेकंद लागतात. मोजून बघितलंय मी, कितीदा तरी.

तो नंबर मी लावत सुटले. गिऱ्हाइकं दूध मागत होती, मी हातानेच जा म्हणत होते. दुपार कलल्यावर तो लागला. ट्रकवाला भला माणूस होता. म्हणाला, "वो लड़का? हम तो नीचे उतर आये, बहनजी. वो लोग कल सुबह निकलेंगे बोल रहे थे।" मी त्याला हिंदीत सगळं सांगितलं, रडत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. वर जाणारी गाडी भेटली तर निरोप देतो म्हणाला. पण वर जायचा रस्ता आता उद्याच उघडेल, असंही म्हणाला.

सहदेव नंबर घेऊन परत आला. मी सांगितलं की पोरांनी गाड्या बदलल्यात. तो क्रेट उलटा करून त्यावर बसला, पुठ्ठा काढून मांडीवर घेतला. मग विचारलं, "तू हे सांगितलंस?"

"लाइन कट झाली," मी म्हटलं. जेवणाचं, टोपीचं, खोकल्याचं मी त्याला सांगितलं नाही.

मुलुंडहून आणलेले नंबर आम्ही एकेक करून लावले. एकही लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, कारण न उघडून करणार काय? दूध आलेलं होतं. सहदेवही येऊन बसला. त्याने गॅरेज उघडलंच नाही. त्याची बायको जानकी दोघांसाठी पोहे घेऊन आली, ते तिथेच गार झाले. माणसं येत होती, "काय दादा, आज सुट्टी?" विचारत होती. तो मान हलवत होता. एक वाजला. मी मनात म्हटलं, आता उतरले असतील. दोन वाजले. ट्रकवाल्याचा निरोप पोहोचला असेल, त्याशिवाय का इतका वेळ लागतोय, असंही म्हणून बघितलं. तीननंतर मला म्हणायला काही उरलं नाही.

चारला सहदेवचा फोन वाजला. हर्षद. सहदेवने ऐकलं आणि एकच शब्द विचारला, "रुचिरा?"

उत्तर मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्याचे खांदे खाली आले. डोळे मिटले. पोर जिवंत आहे हे त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. त्या पहिल्या क्षणाचा दोष मी त्याला देत नाही. दोन दिवसांआधी त्याच दुकानात, त्याच फ्रीजसमोर मी तोच श्वास सोडला होता.

हर्षदने मागाहून सांगितलं ते असं. सकाळी आठला निघाले. चढ नीट गेला. उतारावर प्रबुद्ध पुढे होता. वळण आलं, त्याने मूठ सोडली असणार, कारण ब्रेकचा दिवा लागलेला दिसला. पण इंजिनचा आवाज कमी झाला नाही, उलट ओरडतच राहिला. रस्त्यावर काचेसारखा बर्फ. गाडी सरळ गेली. वळली नाही.

ट्रकवाल्याचा निरोप त्यांच्या मुक्कामी पोहोचला तेव्हा पावणेदहा झाले होते.

सगळे बर्फ म्हणाले. पोलिसांच्या कागदावरही बर्फच आला. त्याने मला काही फरक पडत नव्हता. पोराला घेऊन आले ते दिवस मला धड आठवत नाहीत. पुण्यानुमोदनाचा आठवतो. विहारात माणसं मावत नव्हती. वंदना झाली, दोघं-तिघं चांगलं बोलले आणि मागून सहदेव उठला. सगळ्यांपुढे येऊन हात जोडून उभा राहिला.

"पोरगा माझ्या हाताने गेला," तो म्हणाला. "बर्फावर मूठ सोडली की गाडी हळू होते. त्याची झाली नाय. का झाली नाय ते माका ठाऊक आहे. त्या केबलीत मी ग्रीस ओतलं होतं."

हर्षद त्याला धरायला गेला. "काका, बर्फ होता, काका." सहदेवने त्याचा हात सोडवला आणि केबलीचं, फ्रीजचं सगळं सांगितलं. कोणी काही विचारलं नव्हतं. गप्प बसला असता तर जन्मात कोणाला कळलं नसतं. मी समोरच बसले होते. माझ्या तोंडून एक अक्षर निघालं नाही.

तेव्हापासून लोकांना त्याचं अर्धं मिळालं आणि ते त्यांनी विक्रोळीभर केलं. धुरीने पोरगा मारला. धुरीकडे गाडी देऊ नका. भांडुप, मुलुंडहून यायची ती पोरं बंद झाली. जवळची चार माणसं येतात, तीही मान खाली घालून. त्याने तो डबा फेकून दिला, भिंतीवरचे खिळे उपटले. केबली आता कोरड्या बसवतो आणि पावसाळ्यात त्या गंजतात. लोक त्यावरूनही बोलतात. तो उलटून बोलत नाही. माणसाला झापणं त्याने सोडलंय, आणि खरं सांगू, ते मला सगळ्यात भयंकर वाटतं. रुचिरा रविवारी येऊन माझ्या काउंटरमागे बसते, दह्याचे डबे लावते. गाडीला तिने परत हात लावला नाही. मी तिला काही विचारत नाही. आता विचारण्यासारखं राहिलंय काय?

आणि माझं अर्धं माझ्यापाशी होतं. सहा महिने. लोक मला म्हणायचे, बाई, तुमचं काळीज मोठं, त्या माणसाला अजून चहा देता. मी ऐकून घ्यायचे. ते खोटं श्रेय अंगाला चिकटायला लागलं होतं.

आषाढात एक दिवस धो धो पाऊस. दुकानात कोणी नाही. सहदेव क्रेटवर बसून बाहेर बघत होता. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी फोन आला ना, तो नुसता कट नव्हता झाला."

तो वळला.

"सत्तेचाळीस सेकंद बोलले मी. पुठ्ठा समोर होता तुझा. आणि मी पहिलं विचारलं, जेवलास का. मग टोपी. मग खोकला. तुझं सांगायला गेले तोवर संपलं. तू एकटा नाहीस त्यात. मीपण आहे. विहारात मी बोलायला पाहिजे होतं आणि मी तुला एकट्याला उभं राहू दिलं."

बोलता बोलता मला रडू फुटलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. सहदेव तसाच बसून राहिला. मला वाटलं, आता हा उठेल आणि निघून जाईल, आणि बरोबरच करेल.

"मग आवशीन दुसरा काय विचारूचा?" तो म्हणाला.

पाऊस पत्र्यावर नुसता आदळत होता. मग त्याने विचारलं, "जेवला होता?"

"हो."

"काय म्हणाला?"

"राजमा-भात."

"पोटभर?"

"दोनदा घेतला म्हणाला," मी सांगितलं.